दोन्ही मामा फ्रेममध्ये

आष्ट्याच्या भाऊसो मगदूमला कुणी विचारलं, की बाबा अठ्ठावीस वर्षांत लग्नं तरी किती केलीस, तर तो आकडा सांगत नसे. "लावली उपाध्यांनी न् भटजींनी, लोकांस्नी दिसली ती माझ्यामुळं," एवढं म्हणून मिशीतल्या मिशीत हसायचा. आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. दुकानावर पुण्याला असलेल्या लेकीच्या नावाची पाटी होती, 'ब्राह्मी व्हिडिओ शूटिंग', पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते त्याच्या हातासाठी. खांद्यावर तो धोंड्याएवढा कॅसेटचा कॅमेरा घेऊन भाऊसो मांडवात उभा राहिला, की अक्षता डोळ्यांत जावोत नाहीतर पोरंटोरं पायांतनं पळोत, चित्र जागचं हालायचं नाही.

ही विद्या त्याला कुणी शिकवली नव्हती. मंगलाष्टकं ऐकता ऐकता त्यानंच ती काढली होती. ओळ सुरू झाली की श्वास घ्यायचा, ओळ संपली की सोडायचा, आणि 'सावधान' येईपर्यंत पापणीसुद्धा हालवायची नाही. त्याचं घड्याळच मुळी मंगलाष्टकांचं होतं. दूध तापायला किती वेळ, तर तीन मंगलाष्टकं. एसटी स्टँडवर थांबली किती, तर दीड. नवरा-नवरी मधे, त्यांच्यामधे अंतरपाट, आणि दोघांच्या पाठीमागं, फ्रेमच्या दोन कडांना, दोन मामा. हा त्याचा कायदा. आपल्याकडं लग्नाच्या व्हिडिओत एखादा चुलता सुटला तर चालतो, पण मामा कापला म्हणजे दहा वर्षं भाऊबीज कडू होते. भाऊसोनं अठ्ठावीस वर्षांत मामा कापला नव्हता.

दोन वर्षांमागं एका साखरपुड्यात त्याला बशीतनं चहा दिला आणि कप आपोआप वाजायला लागला. भाऊसोनं इकडंतिकडं बघितलं. कुणी धक्का दिला म्हणावं तर शेजारी कुणी नव्हतं. मग त्यानं खाली बघितलं, तर उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं आपली आपली हालत होती, जणू भाऊसोचा आणि त्यांचा काही संबंधच नाही. त्यानं चहा तसाच ठेवला आणि पित्त झालंय म्हणून सांगितलं. त्या दिवसापासनं तो बाहेर कुठं चहा घेईना.

आता खरी गंमत ऐका. हात हालायचा, पण चित्र हालायचं नाही. शूटिंग करताना भाऊसोला स्वतःला कळायचं, बोटं थरथरताहेत, आज सगळं वाटोळं झालं. घरी येऊन तो नव्या कॅमेऱ्यातलं कार्ड बायकोच्या, चंदनबालाच्या हातात ठेवायचा. कॉम्प्युटरवरचं सगळं काम तिचं. गाणी घालणं, नावं टाकणं, नको ते काढणं. भाऊसो त्या मशिनीला शिवायचासुद्धा नाही. पंधरा दिवसांनी ती तयार झालेला व्हिडिओ दुकानातल्या टीव्हीवर लावून दाखवायची आणि भाऊसो आ वासून बघत बसायचा. चित्र भिंतीत खुंटी मारल्यागत गप्प.

"हालतंय का गं कुटं?" तो विचारायचा.

"काय हालतंय? मला तर काय दिसत न्हाई," चंदनबाला म्हणायची आणि चहा आणायला उठायची. चहासुद्धा अलीकडं ती अर्धाच कप आणायची. दूध परवडत नाही का काय, असं भाऊसोच्या मनात यायचं, पण विचारायला जीभ उचलायची नाही.

त्याच्या डोक्याचा नुसता काला झाला. हात हालतोय हे खरं, की चित्र हालत नाही हे खरं? कधी वाटायचं, नवा कॅमेरा असलं काहीतरी आतल्या आत सांभाळून घेत असणार. कधी वाटायचं, हात फक्त चहाला हालतोय, कामाला नाही. एकदा तर त्याला असंही वाटलं, की आपल्या डोक्यातच काही बिघडलंय. पण हे बोलायचं कुणाला? आष्ट्यात एकाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत वाळवा तालुक्याला कळणार, आणि ज्याचा हात हालतो त्याला लग्नाला कोण बोलावणार? हात गेला तर भाऊसो मगदूम म्हणजे कोण, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

अशात कुंडलच्या नानासोचं प्रकरण झालं. नानासो म्हणजे गेल्या हंगामात शूटिंग केलेल्या एका नवरीचा मामा. फौजेतनं रिटायर झालेला, छाती अजून पुढं. तो पेनड्राईव्ह घेऊन थेट दुकानात आला आणि उभ्यानंच म्हणाला, "भाऊसो, माझा डावा खांदा कुटं गेला?"

टीव्हीवर लावून बघितलं. मंगलाष्टकं चाललेली, चित्र ठाम, आणि उजव्या कडेला नानासो निम्माच. अर्धा फेटा, एक डोळा, एक मिशी. भाऊसोनं तर मामा पुरा घेतला होता. त्याला शपथेवर आठवत होतं, नानासोच्या फेट्याचा तुरासुद्धा आत होता. मग हा कापला कुणी? बोटांबरोबर आता डोळेही गेले की काय?

तो काही बोलायच्या आत आतनं चंदनबाला आली. पदर सावरत म्हणाली, "भाऊजी, त्यांची काय चूक न्हाई. माझ्याकडनं कापलं गेलं. मी नीट करून देते."

आणि भाऊसोला काय झालं कुणास ठाऊक. भीतीचा राग झाला आणि तो निघाला गरीब बायकोवर. गिऱ्हाईकासमोर तो तिला म्हणाला, "तुला काय कळतंय फ्रेममधलं? अठ्ठावीस वर्षं मी एक मामा कापला न्हाई, न् तू बसल्या जागी कापलास. हात लावायच्या आधी इचारायचं तरी."

चंदनबालानं खाली बघून पेनड्राईव्ह घेतला आणि आत गेली. नानासोलाच उलट अवघडल्यासारखं झालं. "जाऊ द्या की, बाईमाणूस, होतंय," म्हणत तो पायरी उतरला. मूळचं कार्ड काढून बघावं, मामा त्यात आहे की नाही, असं भाऊसोला दहा वेळा वाटलं. दुकानाचा नियमच होता, गिऱ्हाईक 'झालं' म्हणेपर्यंत कार्ड पुसायचं नाही, डब्यात ठेवायचं. कार्ड डब्यात होतं. पण डबा उघडायची छाती झाली नाही. कार्डातही मामा निम्माच निघाला तर?

त्याच महिन्यात सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कॉलेजनं शनिवार-रविवारचा सिनेमा शिकवायचा वर्ग काढला. सहा महिन्यांचा, वयाची अट नाही. भाऊसोनं जाहिरात वाचली आणि 'गिंबल' या शब्दावर त्याची नजर खिळली. नव्या पोरांकडं त्यानं ते बघितलं होतं. एक दांडा, त्याच्या टोकाला तीन छोट्या मोटरी, त्यावर कॅमेरा. खालचा माणूस कितीही हालला तरी मोटरी उलटं फिरून कॅमेरा सरळ ठेवतात. भाऊसोला वाटलं, हे आपल्या कामाचं. हात हालू दे, मशीन सांभाळंल, कुणाला कळायचं नाही. घरी मात्र त्यानं सांगितलं, "जमाना बदलला. नवं शिकाय पायजे." चंदनबालानं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि डबा भरून दिला.

वर्गात वीस-बावीस वर्षांची पोरंपोरी आणि मधे पन्नाशीचा भाऊसो. शिकवायला शंभूराज सर. साताऱ्याचे, वय असेल तीसेक, दर शनिवारी सकाळच्या एसटीनं यायचे. पोरं भाऊसोला 'काका' म्हणायला लागली आणि त्याच्या गटाची पुढारी झाली प्रांजल म्हणून एक सांगलीचीच चुणचुणीत मुलगी. फिल्म तिची, एडिटिंग तिचं, आणि कॅमेरा काकांचा, असं तिनंच ठरवून टाकलं.

पहिल्याच दिवशी गिंबलशी भाऊसोचं जमेना. आयुष्यभराची सवय, कॅमेरा गालाला घट्ट दाबून धरायचा. त्यानं गिंबलवरचा कॅमेराही तसाच गालाला लावला. मोटरी घूं घूं करायला लागल्या आणि कॅमेऱ्यानं मान टाकली.

"काका, त्याला धरू नका," प्रांजल म्हणाली. "तुम्ही दांडा धरा. कॅमेरा त्याचा तो बघतो."

"न धरता कसा बघंल गं त्यो?"

"मोकळा सोडला तरच बघतो."

भाऊसोला हे कोडंच वाटलं. धरायचं म्हणून शिकलो, आता सोडायचं म्हणून शिकायचं. गुडघे वाकवा, टाच आधी टेका, कमरेतनं चाला. वऱ्हांड्यातनं तो असा दबकत चालला की पोरं हसून लोळली. चार शनिवारांनी मात्र जमायला लागलं. चित्र पाण्यावरनं गेल्यासारखं सरकायचं आणि भाऊसोला रात्रीची झोप नीट लागायला लागली. सुटलो बाबा एकदाचा, असं त्याला वाटलं.

फिल्म होती चार मिनिटांची. एक पोरगी नोकरीला पुण्याला निघते, आई तिला स्टँडवर सोडायला येते, एसटी जाते, आई उरते. एवढंच. स्टँडवर शूटिंगच्या परवानगीची सोय सरांची साताऱ्याला होती, म्हणून एका रविवारी सगळे तिकडं गेले. आईचं काम करायला सरांच्या शेजारच्या बनुबाई आलेल्या. जन्मात कधी कॅमेऱ्यापुढं न उभ्या राहिलेल्या, पण चेहरा असा की बघत राहावं.

एसटी जाण्यापर्यंतचं गिंबलवर झकास झालं. मग सर म्हणाले, "आता शेवटचा शॉट. आई एकटी उभी आहे. भाऊसो काका, हा हातात धरून घ्या. गिंबल नको."

भाऊसोचं तोंड उतरलं. "का वो सर? मशीन हाय की."

"मशीननं फार गुळगुळीत होतं. इथं माणूस हवा."

काय बोलावं? माणूस हवा म्हणे. माणूस लपवायला तर भाऊसो सहा महिन्यांची फी भरून आला होता. पण वीस पोरं बघत होती. त्यानं कॅमेरा हातात घेतला, मनात मंगलाष्टक सुरू केलं, ओळीला श्वास घेतला, ओळीला सोडला. बनुबाई खरंच गेलेल्या एसटीकडं बघत होत्या, डोळ्यांत पाणी आलेलं. सगळं स्टँड गप्प झाल्यासारखं वाटलं. आणि अठ्ठावीस वर्षांची जीभ भाऊसोच्या नकळत सुटली. "हं, बाई, इकडं बगा. जरा हसा."

बनुबाईंनी डोळे पुसले, पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि झकास हसल्या.

प्रांजलनं कपाळावर हात मारला. सर खाली बसून हसत राहिले. भाऊसोनं कान धरले. पुन्हा घ्यायचं ठरलं, तर सर म्हणाले, थोडं थांबू, सूर्य खाली आला की अर्धा तास सोन्यासारखं ऊन मिळतं, सिनेमावाले त्या उन्हासाठी दिवस दिवस थांबतात. आणि नेमकं ते ऊन आलं तेव्हा भाऊसो दिसेना. शोधलं तर बाकावर डबा उघडून भाकरी मोडत बसलेला.

"काका, आत्ता?"

"दिवस बुडायच्या आत उरकाय पायजे, बाळ. आमच्या जैनांत मावळल्यावर जेवत न्हाईत," भाऊसो म्हणाला. "दोन मंगलाष्टकं थांब."

प्रांजल थांबली. दोन मंगलाष्टकं म्हणजे किती, हे तिलाही आता कळायला लागलं होतं. भाकरी संपवून, हात धुऊन भाऊसोनं तो शॉट घेतला आणि बोटं हालत होती ती हालतच राहिली.

पुढच्या शनिवारी वर्गातल्या मोठ्या पडद्यावर सरांनी सगळं दाखवलं. भाऊसोनं आपलं शूटिंग कॉम्प्युटरवर काही न करता, जसंच्या तसं, मोठ्या पडद्यावर जन्मात पहिल्यांदा बघितलं. बनुबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्यासकट अख्खं स्टँड बारीक बारीक थरथरत होतं. भाऊसोला वाटलं, झालं, कळलं सगळ्यांना, आता उठून जावं हेच बरं.

"हे बघा," शंभूराज सर म्हणाले, "याला म्हणतात हातातला कॅमेरा. तिच्या आतली कालवाकालव कॅमेऱ्यात उतरलीय. हे ठरवून केलंत ना काका?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसो खुर्चीत खिळला. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर दुखणं उघडं. त्यानं मान अशी हलवली की तिच्यातनं कुणी काहीही अर्थ काढावा. लगेच दुसरा शॉट आला, त्यानंच हातात घेतलेला, स्टँडच्या पाटीचा. तीच थरथर. आणि सर म्हणाले, "हा मात्र हालतोय. पाटी कशाला हालेल? हा चुकला."

आता मात्र भाऊसोची मती गुंग झाली. हात तोच, दुखणं तेच. बाईवर हालला की शाबासकी, पाटीवर हालला की चूक. मग घरी जे हालत नाही ते काय? इथल्या कॅमेऱ्यात हालतं आणि माझ्यात हालत नाही, हे कसं? तास सुटल्यावर तो तिथंच बसून राहिला. प्रांजल कॉम्प्युटरवर काम करत होती. तिला वाटलं, काका पाटीच्या शॉटमुळं खट्टू झालेत.

"काका, त्याचं टेन्शन घेऊ नका. एका बटणात होतं," ती म्हणाली. "हे बघा."

तिनं पाटीचा शॉट घेतला, काहीतरी दाबलं, थोडा वेळ गेला, आणि पाटी जागच्या जागी थांबली. भिंतीत खुंटी मारल्यागत.

भाऊसो खुर्ची ओढून जवळ आला. हे गप्प चित्र त्यानं बघितलं होतं. दोन वर्षं हेच बघत होता तो. "ह्ये केलंस कसं?"

"सोपं असतं. तुमच्या हातामुळे चित्र डावीकडे गेलं की कॉम्प्युटर ते उजवीकडे सरकवतो. वर गेलं, तर खाली. पण असं सरकवलं की कडा उघड्या पडतात, काळ्या पट्ट्या दिसतात. म्हणून मग चित्र थोडं मोठं करतात आणि कडेचं कापून टाकतात. फुकट काही मिळत नाही काका."

"किती कापत्यात?"

"हात जेवढा जास्त हालला असेल तेवढं जास्त."

भाऊसोनं बोट पडद्याच्या कडेला नेलं. मग घसा खाकरून म्हणाला, "आणि कडंला मामा हुबा असला तर?"

प्रांजल हसली. "मग मामा गेला."

ती हसत होती आणि भाऊसोच्या डोळ्यांपुढं दुकानाची पायरी आली. अर्धा फेटा, एक मिशी. खाली बघून पेनड्राईव्ह घेणारी चंदनबाला. माझ्याकडनं कापलं गेलं, भाऊजी. त्यांची काय चूक न्हाई. प्रांजल विचारत राहिली, काका काय झालं, पाणी आणू का, पण भाऊसो पिशवी उचलून निघालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, तरी तो सांगलीला गेला नाही. चंदनबाला जैन बस्तीत पूजेला गेल्यावर त्यानं डबा उघडला, नानासोच्या भाचीच्या लग्नाचं कार्ड काढलं, कॅमेऱ्यात घातलं आणि कॅमेरा वायरीनं दुकानातल्या टीव्हीला जोडला. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळा मांडव थरथरत होता. आणि उजव्या कडेला, तुऱ्यासकट, दोन्ही खांद्यांसकट, पुरा नानासो. भाऊसोनं त्याला कापलाच नव्हता. त्यानं डब्यातली आणखी दोन कार्डं लावली. प्रत्येकात तेच. दोन वर्षांतलं कुठलंच लग्न गप्प उभं नव्हतं. ते एकेक लग्न धरून गप्प उभं करणारी आत कॉम्प्युटरपुढं बसत होती, आणि त्याला विचारायची, काय हालतंय, मला तर काय दिसत न्हाई. मग त्याला अर्धा कप चहा आठवला. भरला कप सांडतो म्हणून ती अर्धा आणत होती, आणि आपण तिच्या दुधाचा हिशेब करत होतो. भाऊसो टीव्हीपुढं खाली बसला आणि कितीतरी दिवसांनी मोकळेपणानं रडला.

तिला सांगावं तरी कसं, हा पुढचा घोळ. सांगितलं तर तिनं दोन वर्षं लपवलं ते उघडं पडणार, नाही सांगितलं तर नानासोसमोर बोललेलं तसंच राहणार. कांदा चिरताना, कपडे वाळत घालताना तो तिच्या मागं मागं फिरायचा आणि काहीतरी भलतंच विचारून परत यायचा. "आवं, काय पायजे तुमाला?" ती वैतागून म्हणायची. काय पाहिजे ते भाऊसोलाच धड सांगता येत नव्हतं.

पंधरा दिवसांनी कुंडललाच लग्न निघालं. नानासोच्या दुसऱ्या भाचीचं. मांडवात शिरल्या शिरल्या नानासोनं दरडावलं, "भाऊसो, ह्या खेपेला मला पुरा घ्याचा."

भाऊसो कॅमेरा घेऊन उभा राहिला. नेहमीच्या जागेपासनं तो चार पावलं मागं सरला, आणखी एक सरला. वर्गातनं मागून आणलेलं गिंबल पिशवीत होतं, ते त्यानं काढलं नाही. मांडवाच्या गर्दीत ते धरायची सवय नव्हती अजून, आणि मंगलाष्टकं दुसऱ्यांदा म्हणत नाहीत. लग्न लागलं, वाजंत्री वाजली, जेवणं झाली, आणि मग त्यानं नानासोला बाजूला बोलावून जे सांगायचं ते सांगितलं.

घरी येऊन त्यानं कार्ड चंदनबालाच्या हातात ठेवलं आणि दारातच उभा राहिला. एरवी तो कार्ड देऊन तडक मागच्या पडवीत जायचा. तिनं कार्ड घातलं, चित्र उघडलं, आणि कपाळाला आठी घातली.

"लय लांबनं घेतलाय."

"कडंला जागा सोडलीया," भाऊसो म्हणाला. "तुला कापाय."

तिचा हात तिथंच थांबला. तिनं मागं वळून बघितलं नाही. पडद्याकडं बघतच म्हणाली, "कवा कळलं?"

"सांगलीला. त्या प्रांजलनं दावलं." थोडं थांबून तो म्हणाला, "का बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी कॅमेरा ठिवला असता," चंदनबाला म्हणाली. "मग दिवसभर घरात बसून केलं असतं काय? ब्राह्मीला पुण्याला फोन करून ते बटण इचारून घेतलं. म्हटलं, चालतंय तवर चालू दे."

भाऊसोनं चौकटीला हात टेकला. "नानासोफुडं तुला बोललो त्ये..."

"त्ये ऱ्हाऊ द्या."

"न्हाई ऱ्हात त्ये. नानासोला सांगितलं मी आज. मांडवातच, चारजणांत. म्हटलं, हात माझा हालतोय, दोन वरसं झाली. तुमचा खांदा माझ्या हातानं गेला. बायकोनं झाकून घेतलं, न् मी तिलाच बोललो."

आता मात्र ती वळली. डोळे भरलेले, पण आवाज साधा. "चारजणांत? मग झालं की. उद्या सगळ्या तालुक्याला म्हाईत. काय म्हणले त्ये?"

"कायतरी येगळंच झालं," भाऊसो म्हणाला. "मला वाटलं, आता ह्यो छाती काढून वरडणार. त्यो म्हणला, खुळ्या, आधी सांगाचं न्हाई व्हय? मी जरा नवरीकडं सरकून हुबा ऱ्हायलो असतो. न् लगीच म्हणला, म्होरल्या भाचीचं लगीन ठरलंय, तीबी तारीख दिली. मला अजून कळंना, त्यो चिडला का खूश झाला."

चंदनबाला हसली, पदरानं डोळे टिपले आणि पडद्याकडं वळली. मांडव थरथरत होता. अंतरपाटाच्या दोन बाजूंना नवरा-नवरी, दोन मामा, आणि दोन्ही मामांच्या पलीकडं हातभर मोकळी जागा. तिनं पायानं स्टूल पुढं सरकवलं.

"बसा हितं. मंगळवारी सांगलीला डॉक्टरकडं जायाचं हाय, आणि काय हाय त्ये त्यास्नी सगळं सांगायचं हाय," ती म्हणाली. "तवर ह्ये बटण कुटलं त्ये बगून घ्या."